मामांची सहाची गोळी

महिन्यातला पहिला मंगळवार आला की आजही सकाळी साडेसहाला माझे कान दाराकडे लागतात. त्या दिवशी, त्या वेळेला, आमच्याकडे रक्त घ्यायला एक बाई यायच्या. स्कूटी गेटपाशी लावून आधी हेल्मेट काढायच्या, आरशात बघून केस सारखे करायच्या आणि मगच जिना चढायच्या. तोवर माझे सासरे अंघोळ करून, धुतलेला बनियन घालून गॅलरीजवळच्या खुर्चीत हात पुढे करून बसलेले असायचे. चेहरा असा की पेपर कठीण निघणार हे त्यांना आधीच कळलंय.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, आमच्यात तीच पद्धत. मामा एसटीत कंडक्टर होते. आयुष्य नाशिक ते येवला आणि येवला ते नाशिक करण्यात गेलं. रिटायर होऊन जमाना झाला तरी कंडक्टरकी काही सुटली नव्हती. बाईंनी दंडाला रबरी पट्टा आवळला की म्हणायचे, "आज डाव्या बाजूनं घ्या बाई. उजवीकडं फार गर्दी झालीय." बाई हसायच्या आणि निळ्या टोपणाची नळी बाहेर काढायच्या. नळी खुणेपर्यंत भरली, कापूस लागला, की मामा मोकळ्या हातानं खुर्चीवर दोनदा टकटक करायचे. डबल बेल. म्हणजे गाडी सोडायला हरकत नाही.

मामांच्या हृदयाची एक झडप साठीनंतर बदललेली होती. नवी झडप धातूची. दुपारी घर शांत असलं आणि मी त्यांच्या शेजारी वह्या तपासत बसले, की ती ऐकू यायची, हातातल्या घड्याळासारखी बारीक टिकटिक. त्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांना जन्मभर लागणार होती. आणि रक्त नेमकं किती पातळ झालंय ते बघायला दर महिन्याला ही तपासणी. रिपोर्टवर एक आकडा यायचा. तो अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. खाली घसरला तर गुठळीची भीती, वर चढला तर रक्त वाहायची.

हे सगळं आधी सासूबाई बघायच्या. त्या गेल्या तेव्हा मामांची फाइल माझ्याकडे आली. नवरा नोकरीसाठी पुण्याला, शनिवारी रात्री यायचा नि सोमवारी पहाटे जायचा. आठवडाभर नाशिकरोडच्या आमच्या त्या घरात मी आणि मामा. मी शाळेत गणित शिकवते. माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकावर असतो, हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे, घरातही होतंच. मी फाइल हातात घेतली ती एखादा वाया गेलेला वर्ग हातात घ्यावा तशी.

गोळी संध्याकाळी सहाला. मामा तिला सहाची गाडी म्हणायचे. पावणेसहापासून घड्याळाकडे बघत, "पोरी, सहाची लागली का?" मी पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन यायचे. त्यांनी गिळली की मी विचारायचे, "गेली?" ते म्हणायचे, "गेली. टायमात गेली." असं रोज. शाळेतून थकून आलेली असले तरी त्या दोन शब्दांनी मला बरं वाटायचं. आज सांगते, दिवसभरात माझ्याशी तेवढं लाडानं कुणी बोलत नसे.

फाइलमध्ये डॉक्टरांनी दिलेला एक छापील कागद होता. पालेभाज्यांचं प्रमाण सांभाळा, असं त्यावर लिहिलेलं. हिरव्या पाल्यात रक्त घट्ट करणारा एक घटक असतो, तो गोळीच्या विरुद्ध काम करतो, वगैरे. मी हा कागद वाचला आणि त्याच दिवशी घरातून हिरवा रंग हद्दपार केला. मेथी बंद, पालक बंद, चुका, चाकवत, शेपू, सगळं बंद. पोह्यांवरची कोथिंबीरसुद्धा बंद. आमच्या बाजारात भाजीवाली शेवटी कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत टाकतेच, न मागता. मी त्या उचलून परत तिच्या पाटीत ठेवायचे. ती माझ्याकडे अशी बघायची की हिचं डोकं फिरलंय.

मामांनी एका शब्दानं तक्रार केली नाही. दुधीची भाजी, बटाटा, डाळ, पुन्हा दुधी. ताटाकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि जेवायचे.

सासूबाईंनी त्यांना कित्येक वर्षं रोज पालेभाजी खाऊ घातली होती, आणि त्याच फाइलमधले तेव्हाचे सगळे आकडे सरळ होते. गणिताची बाई असून मी ते मागे उलटून बघितले नाहीत. बंदीनंतर आकडा थोडा वर गेला, डॉक्टरांनी गोळी थोडी कमी केली, मला वाटलं बघा, माझ्या शिस्तीनं औषधसुद्धा कमी झालं. नवऱ्याला फोनवर दोनदा सांगितलं.

मग थंडी सुरू झाली आणि आकडा घसरला. दोनच्या खाली. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि आठवड्यानं परत तपासायला सांगितलं. पुन्हा कमी. पुन्हा गोळी वाढली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत मला विचारलं, "गोळ्या चुकत तर नाहीत ना?"

मला ते लागलं. रोज सहाला मी स्वतः समोर उभी असते, डोळ्यांत तेल घालून. आणि चुकतात म्हणे! घरी येईपर्यंत रिक्षात मी एकच विचार करत होते: मी समोर असताना गोळी चुकणं शक्य नाही, म्हणजे मामा ती गिळतच नसतील. गालात धरून ठेवत असतील आणि मी वळले की थुंकत असतील.

वर्गात सुपारी खाणारी पोरं पकडायची माझी एक पद्धत आहे. शेजारी जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, तोंड उघड. त्या संध्याकाळी मामांनी पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला, म्हणाले, "गेली."

मी म्हटलं, "तोंड उघडा मामा."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. ज्या माणसानं भर बाजाराच्या दिवशी साठ-सत्तर माणसं नुसत्या आवाजावर आत सरकवली, तो माणूस खुर्चीत ताठ बसला आणि त्यानं माझ्यापुढं तोंड उघडलं. मी वाकून बघितलं. जीभ वर करायला लावली. काहीच नव्हतं. मी म्हटलं, "ठीक आहे," आणि तांब्या उचलून आत गेले. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवसापासून मला सांगावं लागलं नाही, ते स्वतःच उघडायला लागले.

हे लिहिताना मला लाज वाटते. तेव्हा वाटली नाही, म्हणून जास्त वाटते.

उलगडा झाला तो एका सकाळी. मामा रोज सातला फिरायला जायचे, आमच्या कॉलनीतल्या विहारापर्यंत. तिथं वंदना करायची, मागच्या कट्ट्यावर ऊन खात बसायचं आणि आठ-साडेआठला परत. त्या दिवशी ते मफलर विसरून गेले. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी तो घेऊन मागोमाग गेले. विहाराच्या मागच्या बाजूला कट्ट्यावर मामा आणि त्यांचे जुने ड्रायव्हर बसले होते. हे दोघं एकाच गाडीवर इतकी वर्षं होते की एकमेकांना नावानं हाकच मारत नसत. हे त्यांना ड्रायव्हर म्हणायचे, ते यांना कंडक्टर. ड्रायव्हरकाका आमच्या पलीकडच्याच गल्लीत लेकाकडे राहायचे. त्या लेकाचं निफाडजवळ थोडं रान होतं.

दोघांच्या मध्ये स्टीलचा डबा उघडा होता. डब्यात घोळाणा. हरभऱ्याचा कोवळा पाला कच्चाच बारीक चिरायचा, त्यात कांदा, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, मीठ आणि वरून कच्चं तेल. थंडीत आमच्या इकडं खेड्यापाड्यात भाकरीबरोबर हेच असतं. मामा डोळे मिटून खात होते. मिशीला तेल लागलं होतं. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना इतकं सुखात बघितलं नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं होतं. दिसूनही मी ओरडले.

"म्हणून आकडा खाली येतोय होय! रोज चाललंय का हे?"

मामा घास हातात धरून तसेच बसले. ड्रायव्हरकाका उठून उभे राहिले. "सूनबाई, चुकी माझी हाय. ते नाय म्हनत होते. मीच म्हनलं, कंडक्टर, दोन घासानं काय व्हतं. दुधी खाऊन लय वाळला वो ह्यो मानूस."

"दोन घासानं माणूस जातो काका!" मी म्हटलं. विहारातून वंदना संपवून बायका बाहेर येत होत्या, त्या थबकल्या. मी डब्याला झाकण लावलं, डबा उचलला आणि मामांना म्हटलं, "चला घरी." मामा माझ्या मागं चालत आले. मफलर माझ्या हातातच राहिला.

त्या दिवसापासून सकाळचं फिरणं बंद. गॅलरीत दहा फेऱ्या मारा, सांगितलं. आकडा का घसरत होता ते मला कळलं होतं, चोर सापडला होता, मी खूश होते. डॉक्टरांना मात्र कळवलं नाही. काय सांगायचं, की माझ्या नाकाखाली रोज घोळाणा चालला होता? पुढची तपासणी दोन आठवड्यांवर होती. तोवर आकडा आपोआप ताळ्यावर येईल, आणि मी मान वर करून रिपोर्ट दाखवीन.

साधं गणित होतं. गोळी वाढवली होती ती त्या पाल्याला पुरून उरावी म्हणून. पाला मी एका दिवसात बंद केला. गोळी तेवढीच राहिली. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरानंही उत्तर सांगितलं असतं.

बारा-तेरा दिवसांनी सकाळी मी कपडे भिजवायला घेतले, तर मामांचा टॉवेल बादलीत तळाला होता, घट्ट पिळून, चादरीत गुंडाळलेला. उलगडला तर त्यावर लालसर डाग. धुऊन धुऊन फिके झालेले. मी तशीच बाहेर गेले. मामा गॅलरीत फेऱ्या मारत होते, तोंड मिटून. "मामा, काय झालंय?" त्यांनी मान हलवली, काही नाही म्हणून. मी म्हटलं, "बोला तरी." बोलले तेव्हा दिसलं, दातांच्या कडेनं रक्त होतं. बनियनच्या बाहीखाली दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग.

"कधीपासून?"

"परवापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

मामा माझ्याकडे बघत नव्हते. कठड्याला धरून म्हणाले, "तू ओरडशील म्हणून."

रिक्षात मी त्यांचा हात धरून बसले होते. द्वारकेच्या चौकात नेहमीसारख्याच गाड्या तुंबल्या होत्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुणावरही न ओरडता गप्प बसले होते. डोक्यात मात्र एकच चाललं होतं, की हे गेले तर रक्तानं गेले असं डॉक्टर लिहितील, पण मला कळेल कशानं गेले ते.

हॉस्पिटलात आकडा आठाच्या वर निघाला. डॉक्टरांनी गोळी थांबवली आणि सलाइनमधून एक औषध द्यायला सांगितलं, तेही अगदी थोडं, कारण जास्त झालं तर झडपेवर गुठळी धरायची. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "आठवड्या-दोन आठवड्यांत घरात काय बदललं?" मी सगळं सांगितलं. बंदी, तोंड उघडायला लावणं, डबा, सगळं. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "पालेभाजी बंद करा असं मी कधी म्हटलं? रोज सारखी ठेवा एवढंच. गोळी आपण त्यांच्या जेवणाला बेतायची. आत्ता जे औषध चाललंय ना सलाइनमधून, तेच असतं तुमच्या त्या पाल्यात."

मी काचेतून बघितलं. मामांच्या हातात सुई होती आणि थेंब थेंब पडत होता.

दुसऱ्या दिवशी रक्त थांबलं. चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो.

ड्रायव्हरकाकांचा डबा आमच्या ओट्याखाली तसाच पडून होता. मी तो घासला. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, एवढं तरी मला आईनं शिकवलेलं होतं. दाण्याचे लाडू केले, डबा भरला आणि पलीकडच्या गल्लीत गेले. ड्रायव्हरकाकांनी दार उघडलं आणि मला बघून त्यांचं तोंड उतरलं. त्यांना वाटलं वाईट बातमी आहे.

"काका, मामा बरे आहेत," मी आधी म्हटलं. मग लाडूंचा डबा त्यांच्या हातात दिला. "उद्यापासून त्यांना कट्ट्यावर पाठवते. घोळाणा आणा. पण रोज आणायचा आणि एवढाच." मी पिशवीतून एक वाटी काढून दाखवली. सासूबाईंची, कडेला चेपलेली छोटी वाटी. "ही सपाट भरून. न कमी, न जास्त. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी फोन करा, मी घरी मेथी करीन."

काकांनी वाटी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "मंजी फुल तिकीट नाय, हाफ," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो, आणि मला तिथंच त्यांच्या दारात रडू आलं.

त्यानंतर महिनाभर दर आठवड्याला तपासणी झाली. रक्त घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजोबा, माझी तुमच्याशी जास्तच दोस्ती झाली." हळूहळू आकडा बसला. हरभऱ्याचा पाला संपला की घरी मेथी, उन्हाळ्यात पालक, पावसाळ्यात चवळीचा पाला, पण वाटी तीच. मी घरात पुन्हा कोथिंबीर आणली. भाजीवालीनं चार काड्या टाकल्या आणि मी त्या परत दिल्या नाहीत, तेव्हा ती म्हणाली, "आली का शुद्धीवर ताई!" मामा जेवताना वाटी रिकामी झाली की चमच्यानं तिच्यावर दोनदा वाजवायचे. डबल बेल. त्यानंतरची चार वर्षं मला माझ्या संसारातली सगळ्यात चांगली वाटतात. पगार तोच, घर तेच, नवरा शनिवारीच यायचा. पण थंडीत रोज सकाळी मामा मफलर गुंडाळून निघायचे, मिशीला तेल लावून परत यायचे, आणि मी विचारायचे, "कसा होता?" आणि ते म्हणायचे, "तिखट कमी पडलं आज डायव्हरला."

एक गोष्ट मात्र मला दुरुस्त करता आली नाही. सहाची गोळी घेतली, पाणी प्यायलं, की मामा माझ्याकडे तोंड करून ते उघडायचे. हॉस्पिटलातून आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी म्हटलं, "मामा, नको ना आता." ते म्हणाले, "अगं सवय झाली." मी खूपदा सांगितलं. एकदा हात जोडले. एकदा मुद्दाम पाठ करून उभी राहिले. पाठ करून किती वेळ राहणार? वळले तर ते तसेच बसलेले, आ करून. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. माझं समाधान व्हावं म्हणून एक काम ते रोज करत होते, एवढंच. मग मीही बघायला लागले. वाकून बघायचं आणि म्हणायचं, "गेली."

मामा गेले ते न्यूमोनियानं, गेल्या पावसाळ्यात. आकडा शेवटपर्यंत बरोबर होता, दोन पूर्णांक आठ दशांश. शेवटच्या संध्याकाळी हॉस्पिटलात सहाला नर्स गोळी घेऊन आली. त्यांचे डोळे अर्धवट मिटलेले होते, ओळख पटत होती की नाही सांगता येत नव्हतं. तिनं मान उचलून चमच्यानं पाणी पाजलं. गोळी गिळायला त्यांना बराच वेळ लागला. ती पुढच्या पेशंटकडे गेली. मामांनी उशीवरच हळूहळू मान वळवली, मी ज्या बाजूला बसले होते त्या बाजूला, आणि तोंड उघडलं.

मी खुर्ची जवळ ओढली, वाकून नीट बघितलं.

"गेली मामा," मी म्हटलं. "टायमात गेली."

तेव्हा कुठं त्यांनी तोंड मिटलं.